टीकाबाबू आणि उरलेले शब्द

आमच्या फुलचुरात कोणाला लकवा मारला की वैद्य दुसऱ्या नंबरावर पोचायचा. पहिले टीकाबाबू. दारात चपला काढायच्या आधीच ते विचारायचे, "शब्द कोनता उरला?"

माणूस वाचेल का, हात हलतो का, पेज पोटात जाते का, यातलं काही नाही. घरातली बाई पदराने डोळे पुसत असायची, कोणी आजाऱ्याचे तळवे रगडत असायचं, आणि हे गृहस्थ काखेतली लाल पुठ्ठ्याची वही उघडून, पेन्सिल जिभेवर ओली करून खाटेपाशी बसलेले. एखाद्याच्या घराला आग लागावी आणि शेजाऱ्याने येऊन राखेचा रंग विचारावा, तसलाच हा प्रकार.

त्यांचं खरं नाव चैतराम. देवीचे टीके लावायची सरकारी नोकरी, म्हणून टीकाबाबू. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी सायकलवरून गावोगाव हिंडून पोरांचे दंड टोचले. त्यांचा खाकी कोट पांदीच्या वाटेवर दिसला की बाया पोरांना धानाच्या कोठीत लपवायच्या. नोकरी संपली, पण लपवणं संपलं नाही. आता लोक घरातल्या आजारी म्हाताऱ्यांना लपवू लागले.

मी गावातल्या शाळेत मास्तर. शिकलेला माणूस म्हणून टीकाबाबूंनी मला फार लवकर हेरलं. रस्त्यात गाठून सांगायचे, "गुरुजी, मी रिसरच करून रायलो." हा शब्द त्यांनी कोण्या गोऱ्या डॉक्टरच्या तोंडून ऐकला होता आणि तो ते कपाळाला गंध लावावं तसा मिरवत. लकव्याने वाचा गेली तरी ती सगळी जात नाही, एखादा शब्द मागे राहतो, तोच का राहतो, याचा म्हणे ते शोध घेत होते. मी म्हणालो, अशाने कोणाचं काय भलं होणार? ते म्हणाले, ते वहीच्या शेवटी निघेल. वही तेव्हा तिसरी चालू होती.

टीके ठेवायच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत त्यांनी संसार भरला होता. चमचा, कुलूप, कंगवा, धानाचा लोंब, एक घुंगरू. एकेक वस्तू आजाऱ्याच्या नाकासमोर धरायची आणि विचारायचं, "याले का म्हनतेत?" आजाऱ्याला सांगता आलं नाही की टीकाबाबूंचा चेहरा खुलायचा. सांगता आलं तर हिरमुसायचे.

एका मालगुजाराला लकवा झाला. त्याच्यापाशी एकच शब्द उरला आणि ती शिवी होती. कोणती, ते मास्तरच्या पेशाला शोभणार नाही. पाणी मागायला तीच शिवी, सुनेला आशीर्वाद द्यायला तीच, तहसीलदार भेटायला आला तेव्हाही तीच. त्यातच मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते. घरच्यांनी हात जोडले, बाबू, तेवढा शब्द काढून टाका. टीकाबाबू तीन दिवस खाटेपाशी बसले आणि निकाल दिला की शिवी जाईल, पण मग काहीच उरणार नाही, तेव्हा राहू द्यावी. पाहुणे आले त्या दिवशी ते मालगुजाराच्या उशाशी दुभाषे होऊन बसले. मालक शिवी हासडायचे आणि टीकाबाबू सांगायचे, मालक म्हणतात, प्रवासात त्रास तर झाला नाही? लग्न जमलं. सोयरे पुढे सांगत फिरले की असा दिलखुलास माणूस या मुलखात दुसरा नाही.

गोंदियाच्या एका धानगिरणीच्या मुकादमाची गोष्ट तर त्यांनी मला निदान दहा वेळा ऐकवली. जन्मभर बाजारात हिंदी बोललेला माणूस. लकवा झाल्यावर तोंडातून भलतंच काही येऊ लागलं. मुलांनी मांत्रिक आणला. टीकाबाबूंनी गिरणीत धान पाखडणारी एक छत्तीसगढी म्हातारी आणली. ती दाराशी उभी राहून ऐकत राहिली आणि हसली. म्हणाली, हा तर बासी मागतो आहे. रात्री पाण्यात भिजवून सकाळी खायचा भात, आईच्या हातचा. मुलांना आपला बाप मुळात कुठला हेच ठाऊक नव्हतं, आणि ते असं चारचौघांत कळल्यावर त्यांनी मांत्रिकाला ठेवून टीकाबाबूंना हाकललं.

एवढ्या कमाईवर ते वह्या घेऊन नागपूरला गेले, एका मोठ्या डॉक्टरला दाखवायला. दिवसभर व्हरांड्यात बसले. संध्याकाळी कंपाउंडर वह्या परत घेऊन आला आणि म्हणाला, साहेब सांगतात की याला संशोधन म्हणत नाहीत, याला चहाड्या म्हणतात. टीकाबाबूंनी गावात येऊन सांगितलं, "डाक्टरसायबांनं वही सोताच्या हातानं उघडली." मी पोट धरून हसलो. शाळेतल्या मास्तरांना नक्कल करून दाखवली. मला ती चांगली जमायची.

मग त्या वर्षी धानकापणीच्या दिवसांत माझ्या बाबांना लकवा मारला.

बाबा रेल्वेत पोर्टर होते, सगळी नोकरी दरेकशाला. जंगलातलं लहानसं स्टेशन, दोन्हीकडे डोंगर. पॅसेंजर थांबली की फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत स्टेशनच्या नावाचा पुकारा करायचा, हे त्यांचं काम. आवाज असा की झोपलेला उतारू दचकून उठावा. उजवा हात आणि पाय गेला, तोंड वाकडं झालं, आणि दोन दिवसांनी त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा म्हणाले, "दरेकसा."

त्यानंतर दुसरं काही नाही. भूक लागली, दरेकसा. माशी बसली, दरेकसा. आई रडायला लागली की तिच्याकडे पाहून हळूच, दरेकसा.

टीकाबाबू अर्थात हजर झाले. मी दारातच आडवा उभा राहिलो. त्यांनी आपला तो प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तोच मी म्हणालो, "माझे वडील म्हणजे तुमच्या पेटीतलं घुंगरू नाही. परत या दारात पाय ठेवू नका." त्यांनी वही कोटाच्या आत सरकवली आणि गेले. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

दिवस गेले तसं बाबांचं 'दरेकसा' वाढलं. चिडून, ओरडून, डाव्या हाताने खाट बडवून. आई म्हणाली, त्यांचा जीव त्या ठिकाणी अडकला आहे, एकदा नेऊन आण. मलाही ते पटलं. मी शिकलेला माणूस, पण बुद्धी तेवढीच चालली. चौघांनी खाटेसकट बाबांना गोंदिया स्टेशनवर नेलं, तिथून पॅसेंजरने दरेकशाला. तिथल्या रेल्वेच्या खलाशांनी ओळखलं, फलाटावर सावलीत बाज टाकली, बिचाऱ्यांनी चहा आणला. मी बाबांच्या कानाशी वाकून म्हणालो, बाबा, पहा, आलं.

बाबांनी डोंगर पाहिला, फलाट पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मग पार जीव तोडून म्हणाले, "दरेकसा." आणि रडायला लागले. खलाशी मान फिरवून उभे राहिले. परतीची गाडी यायला चार तास होते. त्या चार तासांत मी बापाच्या नजरेला नजर दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच टीकाबाबूंच्या घरी गेलो. माफी मागायची ठरवून गेलो होतो, पण ते माझं ऐकायच्या आधीच कोट घालायला लागले. मग मीही मागितली नाही.

त्यांनी आल्या आल्या पेटी उघडली नाही. खाटेवर बाबांच्या डाव्या अंगाला बसले, त्यांचा चांगला हात हातात घेतला आणि ठरवून दिलं की खरं असेल तर एकदा दाबायचं, खोटं असेल तर सोडून द्यायचं. मग विचारायला सुरुवात केली. दुखून रायलं का? हात सुटला. भूक? सुटला. कोणाले भेटायचं? सुटला. घरातली गोष्ट? दाबला. कपडा? जेवन? औषध? खाट? बाबांनी हात असा दाबला की टीकाबाबूंची बोटं पांढरी पडली. खाट कायले? उंच आहे? सुटला. मग टीकाबाबू उठले, आपलं डोकं बाबांच्या उशीवर टेकवून बाबा जिकडे पाहत होते तिकडे त्यांनी पाहिलं.

समोर भिंत होती. उजवं अंग गेल्यामुळे बाबांना कूस बदलता येत नव्हती. आम्ही खाट टाकली होती ती अशी की बाबांनी वीस दिवस मातीची भिंत पाहिली. रस्ता, अंगण, येणारा-जाणारा माणूस, काही नाही.

आम्ही खाट फिरवली. बाबा दाराबाहेर पाहत पडून राहिले आणि संध्याकाळपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर माझं मत बदललं असेल. मुळीच नाही. आता टीकाबाबू रोज दुपारी येऊ लागले आणि रोजचा सहवास देवालाही सोसत नाही. ते आमचं पानदान उघडून बसायचे. कोपऱ्यातल्या खुंटीवर कोट टांगायचे आणि ती खुंटी माझी होती. त्यांच्या डोक्यात नवंच खूळ शिरलं होतं. बोलायचा रस्ता बंद झाला तरी गाण्याचा रस्ता वेगळा असतो, असं म्हणायचे. बाबा तरुणपणी दंडारीत नाचायचे, गायचे. टीकाबाबूंनी मांडीवर ठेका धरून दंडारीतलं एक गाणं सुरू केलं. आवाज इतका भसाडा की शेजारची शेळी उठून गेली. आणि बाबा, ज्यांना पाणी म्हणता येत नव्हतं, त्यांनी ते गाणं वाकड्या तोंडाने शेवटपर्यंत म्हटलं. आईच्या हातातलं सूप खाली पडलं.

मग त्याच चालीवर टीकाबाबूंनी एकेक शब्द बसवला. महिनाभर दुपारी आमच्या घरातून दोन म्हाताऱ्यांचं बेसूर 'पानी, पानी, पानी दे' ऐकू यायचं. शाळेतली पोरं रस्त्यात माझ्या मागून तेच म्हणत जायची. एका दुपारी आई अंगणात होती आणि आतून हाक आली, गाण्यासारखी, पण एकट्याचीच, "पानी दे." टीकाबाबू त्या दिवशी आलेच नव्हते. आईने तांब्या नेला. बाबा प्यायले. दुसऱ्या दिवशी आम्ही हे सांगितलं तर टीकाबाबूंनी पहिली गोष्ट काय केली असेल? वहीत लिहिलं. मग विचारलं, कोनत्या सुरात?

बाबांना आणखी सात-आठ शब्द आले. त्यातला एक आईचं नाव होता. उभ्या जन्मात त्यांनी ते कधी घेतलं नव्हतं आणि आता चालीवर घ्यायचे. आई लाजून आत पळायची.

एका दुपारी आईने टीकाबाबूंना जेवायला थांबवून घेतलं. घरात नवा भात, लाखोळीची डाळ आणि आंबाडीची भाजी होती. बाबांना झोप लागली होती. मी आणि टीकाबाबू पाटावर समोरासमोर. आईने सहज विचारलं, बाबूजी, तुमच्या घरी कोणाला झालं होतं का हे?

टीकाबाबूंनी डाळभात कालवला. कालवतच राहिले.

"मंडळीले झालं होतं, भौजी," ते म्हणाले. "मी दौऱ्यावर होतो. आलो तं ती पडली होती. तिच्याजवळ एकच शब्द उरला होता. नको."

आई थांबली.

"पानी नेलं, नको. पेज नेली, नको. हात धरला, नको. मले वाटे, रागावली हाय. सारी जिनगानी दौऱ्यावर काढली, तिनं एकटीनं काढली, रागावनारच. मंग मी उठून जाऊ. भावजय पाहे तिले. आठ महिने भौजी, ती नको म्हने आन् मी उठून जाऊ. मंग दौरा मागून घेतला मोठा. ती गेली तवा मी दौऱ्यावरच होतो."

मग ते म्हणाले, दोन वर्षांनी एका गावात टीके लावताना एक म्हातारा पाहिला. तो सगळ्यालाच 'हो' म्हणायचा. पोराने विचारलं, बाबा, मारू का तुले? तर म्हणाला, हो. सगळे हसले. टीकाबाबू म्हणाले, मी तिथंच पेटी ठेवून खाली बसलो. त्याच दिवशी बाजारातून पहिली वही घेतली.

मी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

आई भाताचं पातेलं घेऊन उठली. टीकाबाबूंपाशी वाकून तिने विचारलं, भात वाढू?

"नको," ते म्हणाले.

आईने वाढला.