अस्तरवाले भामरे

आमच्या शेजारच्या भामऱ्यांकडे पाहुणा आला की भामरे आधी त्याच्या गाडीला भेटतात. पाहुणा हेल्मेट काढून नमस्कार करत उभा असतो आणि हे खाली वाकून मागच्या चाकावर अंगठा दाबत असतात. "हवा टिकते का?" हा पहिला प्रश्न. तब्येत, मुलंबाळं, पाऊसपाणी सगळं नंतर. नातवंडांनो, तुमचा बाबा गेल्या खेपेला स्टेशनवरून आला तेव्हा त्यांनी रिक्षावाल्यालाच थांबवून ठेवलं, त्याला पाणी पाजलं आणि पुढच्या चाकावरून चार शब्द सुनावून मगच सोडलं.

भामरे मूळचे धुळ्याकडचे. आमच्या शहराबाहेरच्या इच्छापोरच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर रबराची मिश्रणं केली आणि निवृत्त होऊन ते आमच्या सोसायटीत राहायला आले. कारखाना सुटला, पण रबर सुटलं नाही. जगातल्या सगळ्या गोष्टी ते हवा टिकण्यावर जोखतात. निवडणुकीतला उमेदवार असो, लग्नाचं स्थळ असो की मी केलेली इडली असो. इडलीबद्दल त्यांचं मत असं की फुगते छान, पण हवा टिकत नाही. त्यांची बायको इंदूबाई घरात अहिराणीच बोलते. ती मला म्हणते, "काय सांगू ताई, यास्नं डोकं रबरनंच शे."

त्यांचा खास विषय म्हणजे टायरचं आतलं अस्तर. मला आधी ठाऊकच नव्हतं की टायरलाही कोटासारखं अस्तर असतं. ट्यूब नसलेल्या टायरमध्ये आतून एक पातळ थर असतो आणि हवा तोच धरून ठेवतो. भामऱ्यांनी निवृत्तीनंतर एका मित्राच्या शेडमध्ये खटपट करून स्वतःचं अस्तर तयार केलं. त्यात ब्युटाइल रबर, एक प्रकारची बारीक माती आणि थोडी राळ. मातीचे कण पापडांसारखे चपटे. पापडांच्या चळतींमधून मुंगीला वळसे घेत जावं लागतं, तसं हवेचं होतं, ती दमते आणि आतच राहते. हे त्यांनी मला आमच्याच पापडांच्या डब्यावर शिकवलं. त्या दिवशी जेवताना पापडांचा चुराच वाढावा लागला.

या अस्तराची पहिली चाचणी आमच्या घरात झाली. तुमच्या आजोबांच्या चाकांच्या खुर्चीतली हवा दर आठवड्याला उतरायची. खुर्ची जड व्हायची, मला ढकलवत नसे आणि आजोबांचं फिरणं बंद पडायचं. भामऱ्यांनी दोन्ही टायर नेले, ट्यूब काढून टाकल्या, आतून आपलं अस्तर भाजून बसवलं. त्यानंतर हवा उतरली नाही. आजोबा रोज संध्याकाळी पुन्हा बाहेर जाऊ लागले आणि खुर्ची बहुतेक भामरेच ढकलत. आजोबांची शेवटची दोन वर्षं उघड्या आभाळाखाली गेली, ती या माणसामुळे. हे तुम्हांला ठाऊक असावं म्हणूनच मी हे लिहिते आहे.

आजोबा गेल्यावर काही महिन्यांनी भामऱ्यांनी पेटंटचं मनावर घेतलं. मूलबाळ नाही. भामरे हे नाव कुठेतरी छापून राहावं, एवढी एकच हौस. कागदपत्रांच्या इंग्रजीसाठी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही रिंग रोडवर कृपाबेन नावाच्या पेटंटवाल्या वकिलीणबाईंकडे गेलो. मुलगी तरुण, पण चांगली तयारीची.

तिने आधी सांगितलं की यातले तिन्ही पदार्थ जगाला माहीत आहेत. माहीत असलेल्या वस्तू नुसत्या एकत्र केल्या तर कायदा त्याला शोध मानत नाही. भामरे उखडले. ज्वारीही माहीत आहे आणि उडीदही माहीत आहे, मग कळण्याची भाकरी कुणाला सुचली नसती तर खानदेश जेवला काय असता, असं त्यांनी तिला हिंदीत विचारलं. तिने शांतपणे उत्तर दिलं की भाकरीची चव दोन्ही धान्यांच्या बेरजेहून वेगळी आहे हे मोजून दाखवावं लागेल. भामऱ्यांनी पिशवीतून चाचण्यांचे आकडे काढले. माती आणि राळ एकेकटी घातली की हवा थोडीच थांबते, दोन्ही मिळून मात्र बेरजेच्या कितीतरी पुढे जातात. कृपाबेनने ते दोनदा वाचले आणि म्हणाली, काका, यात दम आहे. भामऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कृपाबेनला त्यांनीच शिकवलं होतं.

मग तिने शेवटचं विचारलं. हे मिश्रण आजवर बाहेर कुणाला सांगितलंय का?

"बाहेर? छे. फक्त घरच्यांना."

घरचे म्हणजे किती, असं तिने विचारलं. भामरे बोटांवर मोजू लागले आणि बोटं संपली. श्रावणात त्यांच्याकडे कानबाई, म्हणजे खानदेशातली देवी, बसते. तेव्हा सगळे भाऊबंद जमतात. इथल्याच गोडादऱ्यातले, नवागाममधले, धुळ्याहून आलेले. देवीच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू दळताना भामऱ्यांनी सगळ्यांना प्रमाणासकट कृती समजावून दिली होती. त्यांच्या हिशेबी कानबाईसमोर बसलेला माणूस बाहेरचा नसतोच. भावाची विधवा सून वंदना नवागामला पंक्चरचं दुकान चालवते. ती तेव्हापासून रिक्षांच्या टायरांना हेच अस्तर लावते आणि तिचं दुकान त्यावरच उभं आहे.

कृपाबेनने पेन खाली ठेवलं. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कायद्याने नवी राहत नाही. एकच वाट होती. हे गुपित म्हणून सांगितलं होतं, असं प्रत्येकाने लिहून द्यायचं आणि वंदनाने हे काम थांबवायचं. मग कदाचित लढता येईल.

भामऱ्यांनी आकड्यांचे कागद पिशवीत परत ठेवले. मग हिंदी सोडून अहिराणीत, कुणाला उद्देशून ते कळलं नाही, म्हणाले, "आपलाच लोके शेतस ना त्या."

आपल्याच माणसांकडून असं लिहून घेणं त्यांना जमणार नव्हतं. मला वाटलं, आता उठतील. पण त्यांनी एक प्रश्न विचारला. उद्या एखाद्या मोठ्या कंपनीने हेच पेटंट घेतलं तर वंदनाला अडवतील का? कृपाबेन म्हणाली, अडवू शकतील, तोंडी सांगितलेलं सिद्ध करणं कठीण. पण कृती कुठे छापून आली, तर मग ती कुणाचीच नाही आणि सगळ्यांची.

"मग छापा," भामरे म्हणाले.

अशा रीतीने रबराच्या धंद्यातल्या एका मासिकासाठी लेख लिहायला आम्ही आमच्या जेवणाच्या टेबलावर बसलो. ते सांगत, मी इंग्रजी करी. प्रमाणं, तापमानं, तक्ते. खाडाखोड मला चालत नाही, त्यामुळे आमची भांडणंही झाली. इंदूबाई चहा आणून ठेवायची आणि आम्हां दोघांचंही डोकं रबराचं आहे असं सांगून जायची.

शेवटी आभार. मी विचारलं, कुणाचे लिहू? शेडवाल्या मित्राचं नाव त्यांनी सांगितलं. मग थांबून म्हणाले, "नानांचं लिहा."

नाना म्हणजे तुमचे आजोबा. मी म्हटलं, अशा लेखात प्रयोगशाळांचे आभार मानतात, खुर्चीत बसणाऱ्याचे नाही.

"ताई, हवा तर पहिल्या महिन्यातच टिकली होती," ते म्हणाले. "तपासायला रोज यायची काही गरज नव्हती. पण नाना दारात वाट बघायचे. घराबाहेर माझी वाट बघणारं आणखी कोण होतं?"

मी चष्मा पुसला आणि नानांच्या आभाराचं वाक्य लिहायला घेतलं. त्यात एकही तांत्रिक शब्द नव्हता, तरी अख्ख्या लेखात सर्वांत जास्त वेळ मला त्यालाच लागला.