चार किलोला दोन हळकुंडं कमी

आमच्या शेजारचे किसनबाबा माणसाला नाव विचारायच्या आधी त्याचं वजन सांगतात. पाहुणा ओट्यावर टेकला की बाबा त्याला वरून खालपर्यंत बघतात आणि म्हणतात, "अठ्ठावन्न. चप्पल सोडून." एकदा गल्लीत मुलगी बघायला नवरदेव आला होता. बाबा त्याच्या बापाला म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, पण फोटोपेक्षा दहा किलो जास्त भरतंय." सोयरीक मोडता मोडता राहिली.

बाबा वसमतच्या हळदीच्या बाजारात तोलार होते. पोतं काट्यावर घ्यायचं आणि वजन ओरडून सांगायचं, हे त्यांचं काम. पुढे आकडे दाखवणारे विजेचे काटे आले आणि बाबा घरी आले. येताना जुना तराजू घेऊन आले. तो त्यांच्या पडवीत टांगलेला असतो. बायको वारून पुष्कळ वर्षं झाली. घरात ते आणि तो तराजू. भाजीवाली त्यांच्या दारावरून पाय उचलून जाते.

"बाई, एक वांगं कमी हाय."

"डोळ्यानं तोलता का हो बाबा?"

"डोळा बी काटाच हाय. तुझ्यापेक्षा बराबर."

एक गोष्ट मात्र मला कळत नसे. पोतं हाताला लागलं की वजन सांगणारा हा माणूस, पण कुणी लेकरू पुढे केलं की दोन्ही हात पाठीमागे घ्यायचा. "न्हाई बाई. हाताचा भरवसा न्हाई."

माझी चिऊ दोन महिन्यांची असताना मी तिला घेऊन ओट्यावर बसले होते. बाबा आले, तिच्याकडे बघितलं. मी वाट बघत होते, आता आकडा येणार. आकडा आला नाही. "शनवारी पडवीत आण तिला," एवढंच म्हणाले.

सासूबाई आतून ओरडल्या, "लेकराला कुणी तोलतं का? नजर लागल!"

"वयनी, लेकराची तुला करून राहिलो. नवसाची."

"कोनता नवस?"

"फिटल्यावर सांगीन."

तुला म्हटल्यावर सासूबाईंनी हट्ट सोडला, कारण आमच्याकडे नवस बोलला की लेकराला गुळाबरोबर तोलतात. बाबांनी गुळाचा एक खडा पारड्यात ठेवला, देवापुरता. बाकी लोखंडी वजनं. दुसऱ्या पारड्यात लुगड्याची घडी आणि तिच्यावर चिऊ. बारीक वजनांच्या जागी ते हळकुंडं ठेवत. काटा थांबला तशी बाबांनी बाजारातल्यासारखी आरोळी दिली, "चार किलोला दोन हळकुंडं कमी!" चिऊ दचकून रडायला लागली. गल्लीतल्या बाया हसल्या. मीही हसले, पण चिऊला पटकन पारड्यातून उचललं.

कारण मला ठाऊक होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाळंतपणानंतर मला ताप आला आणि माझं दूध आटलं. डॉक्टरांनी डब्याची पावडर लिहून दिली, गाईचं देऊ नका म्हणाले. माझे मालक वेल्डिंगच्या दुकानात कामाला आहेत. एक डबा म्हणजे त्यांचा दीड दिवसाचा रोज, आणि डबा चार दिवसांत संपायचा. लंगोट, औषध, दवाखान्याला जायचं जीपचं भाडं, ते निराळंच. तिसरा डबा आणला त्या दिवशी मी बघितलं, ह्यांनी तुटलेली चप्पल वेल्डिंगच्या तारेनं बांधली होती. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मी दोन चमच्यांच्या पाण्यात एकच चमचा घालू लागले. डब्यावर माप लिहिलेलं होतं. मी चौथी शिकलेली आहे, मला ते वाचता येतं. वाचूनच केलं. बाटली भरलेली दिसायची, लंगोटही भिजायचे, म्हणजे पोटात जातंय असं मी मनाला सांगायची. पण लेकरू बाटली संपली तरी रबरी बोंड चोखत राहायचं. डब्याचं झाकण उघडताना मी आधी दाराकडे बघायची. ती झोपली तरी भीती, रडली तरी भीती.

दुसऱ्या शनिवारी वजन तेवढंच. बाबांनी आरोळी हळू दिली. तिसऱ्या शनिवारी बाबांनी वजनांच्या पारड्यातलं एक हळकुंड काढलं, मग आणखी एक. काटा थांबला. आरोळी आलीच नाही.

त्या दुपारी बाबा आमच्या घरात आले. कधी उंबरा न ओलांडणारा माणूस सरळ चुलीपाशी आला. फळीवरचा डबा उचलला, हातावर जरासा उडवला.

"कवा फोडला?"

मी फळी पुसायला लागले.

"चार दिवस झाले फोडून. मी तुझ्या मालकाला दुकानातून आणताना बघितलं. अजून अर्धा हाय." आवाज इतका हळू की ओट्यावर डाळ निवडणाऱ्या सासूबाईंना ऐकू जाऊ नये. "डबा उतरत न्हाई, म्हणून लेकरू चढत न्हाई. काहून माप मारून राहिली पोरी?"

मी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आता हे बाजारातला आवाज काढतील आणि सगळ्या गल्लीला कळेल.

"काय झालं हो भावजी?" सासूबाईंनी विचारलं.

"काही न्हाई वयनी. तुमच्या सुनेला दवाखान्यात जायचंय. लेकराला घेऊन. मी जीप थांबवतो."

दवाखान्यात मी पहिल्यांदा सगळं तोंडानं सांगितलं. बाई डॉक्टर खूप रागावल्या. पाणीच पाजत होतीस, झटके आले असते म्हणाल्या. बाबा दाराशी उभे होते. ते म्हणाले, "आता तिला रागावू नका. माप सांगा."

घरी येऊन मी ह्यांनाही सांगितलं. हे बराच वेळ तारेच्या चपलेकडे बघत बसले. मग रविवारचंही काम धरलं. सासूबाई मला चार दिवस बोलल्या, पाचव्या दिवशी शेळीचं करडू विकून दोन डबे घेऊन आल्या आणि माझ्यासमोर आदळले.

पुढचे शनिवार मी देवाचं नाव घेत पडवीत जायची. एकेक हळकुंड परत चढलं. मग एका शनिवारी गल्ली दणाणली, "पाच किलो! वर एक हळकुंड!"

"फिटला का नवस?" सासूबाई म्हणाल्या. "आता तरी सांगा."

मी चिऊला उचलून घेतलं होतं आणि बाबा वजनं उचलून कोपऱ्यात ठेवत होते. पाठमोरेच बोलले.

"आमची लेक सुली, वयनी. तुमी ह्या गल्लीत यायच्या आधीची. मी बाजारातून आलो की तिला हातावर घ्यायचो अन् बायकोला म्हणायचो, भरलीय की चांगली. ती म्हणायची, न्हाई हो, हलकी लागती. मी म्हणायचो, तोलार मी हाय का तू?" त्यांनी शेवटचं वजन पारड्यातून काढलं. "दुनियेची पोती तोलली. तिला एकदा बी काट्यावर ठेवलं न्हाई, अन् ती हातातून गेली."

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला.

मी चिऊला बाबांच्या पुढे धरलं. त्यांनी हात पाठीमागे नेले. मी तशीच उभी राहिले. मग ते हात हळूहळू पुढे आले.

"किती भरतीय बाबा?" मी विचारलं.

बाबांनी आकडा सांगितला नाही. रिकामा तराजू हलत होता. तो थांबला तरी बाबा तिला धरून उभेच होते.