तक्रार घ्यायला घरी येणारे व्यंकटेशराव

शेजारच्या बाईंनी पोट दुखत असल्याचे सांगितले, तेव्हा व्यंकटेशरावांनी त्यांना तीन प्रश्न विचारले: काय केलंत, काय व्हायला पाहिजे होतं, आणि काय झालं. बाई म्हणाल्या, "मिरचीची भजी खाल्ली. आता दुखतंय." व्यंकटेशराव जरा विचार करून म्हणाले, "परत करून दाखवा की." हा गृहस्थ आजवर मार न खाता सोलापुरात वावरतो, हे या शहराच्या सहनशीलतेचे प्रमाणपत्र मानावे लागेल.

दिवसा ते एका टॉवेल कारखान्यातले संगणक सांभाळतात; उरलेल्या वेळात मराठी अर्ज लिहिण्याचा एक प्रोग्राम. तो कोणीही फुकट वापरावा, आतून उघडून पाहावा, सुधारावा, अशी या 'मुक्त सॉफ्टवेअर'वाल्या मंडळींची रीत. सुधारणारे पूर्वी सहा होते. पैकी पाच जणांना नोकऱ्या, लग्ने आणि शहाणपण प्राप्त झाले.

मी कोर्टातला निवृत्त शिरस्तेदार. पत्रे लिहिणे हा माझा छंद नसून अधिकार आहे. या प्रोग्रामने त्यातच ढवळाढवळ आरंभली: प्रत्येक अर्जाची सही एकटीच दुसऱ्या पानावर जाऊन बसे. असा अर्ज कोणताही कारकून आनंदाने परत करतो. मीही हयातभर तेच केले आहे. ग्राहक म्हणून दाद मागावी, तर मोबदला न दिल्याने मी ग्राहकच ठरत नव्हतो. प्रोग्रामचे परवानापत्र वाचले, तर 'आहे तसे. कोणतीही हमी नाही' असे स्वच्छ नमूद. इतका निर्लज्ज आणि तरीही इतका बिनतोड मसुदा मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. कर्त्याचा पत्ता सोलापूरचाच निघाला. मी पोस्टाने नोटीस धाडली.

रविवारी ती हातात घेऊन व्यंकटेशराव स्वतःच दारात उभे.

"काका, हे तुमीच पाठवलंय का?"

"होय. उत्तराला पंधरा दिवसांची मुदत आहे."

"ते असू द्या. करून दाखवा की."

मी अर्ज छापला. सही दुसऱ्या पानावर. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की मला तो न्यायासनाचा अवमान वाटला.

"अहो," आमच्या सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "तुमचं पत्र शेवटपर्यंत वाचणारा पहिला माणूस आलाय. बसवून घ्या, चहा टाकते."

तेव्हापासून ते दर रविवारी येऊ लागले. दोष सापडला का, विचारले की, "शोधतोय की काका. लई अवघड हाय," म्हणत आणि शेंगाचटणीचा डबा जवळ ओढत. मग त्या पाच जणांच्या गोष्टी. त्यातल्या एकाने नऊ वर्षे यांना इंटरनेटवरून, टोपणनावाने, रोज लिहिले. तो किती वाजता झोपतो, कशावर चिडतो, सगळे यांना ठाऊक. एके दिवशी लिहिणे थांबले.

"त्यांचे नाव काय?"

"खरं नाव माहीत नाही."

"राहतात कुठे?"

"आमच्यात विचारत नाहीत, काका."

"अशा इसमावर समन्स कसे बजावणार?"

"तेच की," व्यंकटेशराव म्हणाले आणि रिकामा कप पुढे सरकवला.

दोन महिने झाले तरी सही दुसऱ्याच पानावर. माझा संयम संपला. अखेरची नोटीस तयार करावी म्हणून मी पुरावा शोधू लागलो. या मंडळींत प्रत्येक दुरुस्तीची नोंद तारखेसह सर्वांसाठी खुली असते. व्यंकटेशरावांची नोंद मिळाली: 'माहितीस्तव प्रती अकरापेक्षा जास्त लोकांना पाठवल्यास सही पुढच्या पानावर जाते. एवढ्या प्रती कोणी पाठवील असे वाटले नव्हते. दुरुस्त.' तारीख पहिल्या रविवारची. जगाला सुधारलेला प्रोग्राम त्याच संध्याकाळी मिळाला होता. वंचित होतो तो फक्त मी; माझ्या संगणकावर तो बसवायचे तेवढे व्यंकटेशरावांनी टाळले होते.

खाली आणखी एक ओळ होती. 'प्रोग्राम वापरणारा माणूस आज पहिल्यांदा समोर बसून पाहिला. चहा दिला.'

वस्तुस्थिती दडवणे, दिशाभूल, विश्वासभंग: कलमे भराभर सुचली. नोटीस टंकितही झाली. ती मी फाडली.

पुढच्या रविवारी त्यांच्या हाती नवी तक्रार ठेवली. समास डावीकडे कलतो, तोही केवळ कधीकधी, असे तीत लिहिले होते. हयातीत केलेली ही माझी पहिली खोटी तक्रार.

व्यंकटेशरावांनी ती दोनदा वाचली. माझ्याकडे पाहिले. मग खुर्ची पुढे ओढली.

"ह्याला लई दिवस लागतील, काका."

"मुदतवाढीस माझी हरकत नाही," मी म्हणालो.