मावशींची रांग आणि सातवं पुस्तक

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. मी सातवं पुस्तक सगळ्यात आधी वाचलं.

एवढंच, असं ज्याला वाटेल तो गारखेड्यात आमच्या अपार्टमेंटमध्ये राहिलेला नाही, आणि निकाळजे मावशींच्या खिडकीसमोर तर नक्कीच उभा राहिलेला नाही.

प्रमिला निकाळजे, तळमजला, पार्किंगला लागून. सगळी नोकरी एसटीच्या आरक्षणाच्या खिडकीत गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी एक कपाट ठेवलं आणि गजांमधून मुलांना गोष्टींची पुस्तकं द्यायला सुरुवात केली. फुकट; पण रांगेत. एकच मूल असलं तरी रांगेत. वरच्या मजल्यावरची ईश्वरी एकदा एकटीच आली आणि थेट खिडकीशी गेली. मावशींनी तिला मागे पाठवलं.

"तिथं उभी राहा. मग पुढं ये."

"पण मावशीआजी, पुढं कोणीच नाही."

"नाय ना? मग तुझा नंबर लवकर लागंल."

ती मागे गेली, रिकाम्या पार्किंगमध्ये शहाण्यासारखी उभी राहिली, आणि हाक आल्यावर पुढे आली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

कपाटात मानाचा खण एकाच मालिकेचा: 'बारवेपलीकडचं राज्य'. तीन भावंडं एका जुन्या बारवेच्या पायऱ्या उतरत जातात आणि पाण्याऐवजी दुसऱ्याच मुलखात निघतात. तिथे त्यांना काटेराव भेटतो. काटेराव म्हणजे एक म्हातारं, चिडकं साळिंदर, जे मुलांना काही लिहायचं असलं की स्वतःच्याच पाठीचा काटा उपसून देतं आणि वर म्हणतं, "परत आणून द्या." लेखिकेने सहा भाग लिहून गोष्ट संपवली. मग बऱ्याच वर्षांनी सातवा लिहिला, आणि त्यात ते राज्य मुळात उभं कसं राहिलं ते सांगितलं. म्हणजे घडलं सगळ्यांच्या आधी, लिहिलं सगळ्यांच्या नंतर. इथवर कोणाची काही तक्रार नव्हती. पण नवी आवृत्ती निघाली आणि प्रकाशकाने त्या सातव्याच्या पाठीवर 'भाग १' छापलं.

त्या दिवशी मावशींनी खिडकी उघडलीच नाही.

"मागून आला अन् सरळ खिडकीत हात घातला," त्या दिसेल त्याला सांगत होत्या. "असले लई बघितलेत मी. 'मॅडम, फक्त एकच तिकीट.' अरे, सगळ्यांना एकच पाहिजे असतंय. म्हणून काय बाकीच्यांनी घरी जायचं?"

त्यांनी प्रकाशकाला फोन लावला. स्पीकरवर, पार्किंगमध्ये, आमच्या सगळ्यांच्या साक्षीने. पलीकडच्या मुलाने नम्रपणे समजावलं, की घटना ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने वाचल्या तर मुलांना सोपं जातं.

"लग्न झालंय का बाळा तुझं?" मावशींनी विचारलं.

"हो, मॅडम."

"बायको आधी भेटली, का तिचं लहानपण आधी भेटलं?"

"बायको, मॅडम."

"माणूस आधी भेटतंय. त्याचं लहानपण मागून कळतंय. ज्याला मी ओळखतच नाय, त्याचं लहानपण घेऊन करू काय?"

"तुमचा फीडबॅक नोंदवतो, मॅडम."

हा शब्द मावशींनी पुढे शिवीसारखा वापरला. टाकीत पाणी नसलं की त्या वॉचमनला म्हणायच्या, "आता म्हण, फीडबॅक नोंदवतो." सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा भोळेपणाने सुचवलं, की कपाटातली पुस्तकं उंचीप्रमाणे लावली तर छान दिसतील. त्यांचाही फीडबॅक नोंदवला गेला. एका सद्गृहस्थांनी नव्या आवृत्तीचा अख्खा संच भेट दिला, तेव्हा मावशींनी आभार मानले आणि त्यांच्यादेखत काळ्या मार्करने सातही पाठींवरचे आकडे खोडून आपले घातले.

मी या सगळ्यातून लांब होतो; कानावर सगळं पडायचं, पण कुठलं पुस्तक कितवं ते कधी लक्षात ठेवलं नाही. कंपनीच्या बसने चितेगावला जायचं, स्टोअर सांभाळायचं, परत यायचं. बोलणं माझ्याकडून होत नाही. वडील, आप्पा, शेवटची काही वर्षं आमच्याकडेच होते, तेही तसेच. ऊन फार आहे, लाइट गेली, गोळी घेतली का, याच्या पलीकडे आम्ही दोघं एका घरात राहून कधी बोललो नाही. ते गेले. सगळे विधी मी नीट केले. मला रडू आलं नाही, आणि ते नाही आलं याची लाज वाटत राहिली.

पुन्हा कामावर जायला लागलो तेव्हा मावशींनी पार्किंगमध्ये अडवलं.

"जाधवभाऊ, रडलात का?"

"नाही."

"वाचता का काही?"

"पेपर वाचतो."

"पेपरचं नाय विचारलं. 'बारवेपलीकडचं' पहिलं घ्या. पण ते आत्ता ईश्वरीकडं आहे. तिचं झालं की तुम्ही."

मी पन्नाशीचा माणूस, तिसरीतल्या मुलीच्या मागे रांगेत. मला राग आला. खरं म्हणजे रडण्याबद्दल कोणी विचारलं याचाच आला असेल, पण मी तो रांगेवर काढला. शनिवारी औरंगपुऱ्यात गेलो, दुकानात 'भाग १' मागितला, आणि त्यांनी मला 'भाग १' दिला. त्यात दुकानदाराची काहीच चूक नाही.

दोन बैठकांत वाचून काढला. एक आगाऊ, मऊ काट्यांचं पिल्लू सगळीकडे नाक खुपसत हिंडतं. त्याचं एवढं कौतुक कशाला, ते कळेना. ठीक आहे, म्हटलं, आणि पुस्तक मिटलं. पुढच्या आठवड्यात मावशींनी गजांमधून त्यांचं पहिलं दिलं. ते उघडलं तर साळिंदर म्हातारं. मी आकडा पुन्हा पाहिला आणि काय करून बसलो ते लक्षात आलं. विकतचं पुस्तक माळ्यावर गेलं. ज्यांनी तो आकडा बदलला त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही जे आहे ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांना एकदा मावशींच्या खिडकीसमोर उभं करावं, आणि मावशींनी खिडकी बंद करावी.

पुढे मात्र मी नियमाने रांगेत राहिलो. पाचवं देताना मावशींनी विचारलं, "उद्या सुट्टी आहे का?" पाचवं त्या कोणालाच सुट्टीच्या आदल्या दिवसाशिवाय देत नाहीत, कारण पाचव्यात मुलांना पूल ओलांडता यावा म्हणून काटेराव मागे थांबतो, आणि तो परत येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी जिना चढून आल्या. हातात झाकलेली ताटली, तीत मुरमुऱ्यांचा गरम सुशीला. वाचणारं मूल असो की बाप्या माणूस, पाचव्यानंतर त्या येतातच. काही बोलत नाहीत. समोर बसतात, ताटली रिकामी झाली की जातात.

"सहावं कोरडं आहे," पुढच्या वेळी त्या म्हणाल्या. "त्यात तो नाय. पण वाचायचं. माणूस गेल्यावरचे दिवस कोरडेच जातात."

सातवं त्यांनी खिडकीतून दिलं नाही. स्वतः वर आल्या, दोन्ही हातांनी दिलं.

"पहिलं पान इथंच वाचा. माझ्यासमोर."

मी वाचलं. बारवेच्या तळाशी एक एवढंसं साळिंदर बसलेलं, काटे अजून मऊ, आणि कोणी बोलायच्या आधीच चिडलेलं. मावशी पानाकडे नाही, माझ्याकडे पाहत होत्या. गेलेला काटेराव पिल्लू होऊन पुन्हा भेटला की चेहऱ्यावर जे उमटतं त्याची त्या वाट पाहत होत्या, ते मला त्या क्षणी कळलं, आणि माझ्याकडे ते नव्हतं. ते मी आधीच, सोफ्यावर लोळत, वाया घालवलं होतं. मी भुवया उंचावल्या. म्हणालो, "अरे वा."

दिवसभर रांगेत उभं राहून खिडकीशी पोचावं आणि गाडी भरली असं ऐकावं, तसा मावशींचा चेहरा झाला. मग स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या.

"आमचे हे गेले, तवा पुण्यानुमोदनाला लासूर स्टेशनहून एक म्हातारा आला. मी कधी बघितलेला नव्हता. म्हणाला, सुदाम दहा वर्षांचा असताना मोंढ्याच्या बाजारात गाड्यांखाली शिरून सांडलेल्या शेंगा वेचायचा, अन् शाळेत सगळ्यांना वाटून टाकायचा. स्वतःला एक ठेवायचा नाय. इतकी वर्षं संसार केला, मला कधी सांगितलं नाय त्यांनी. मी हसले, जाधवभाऊ. भरल्या मंडपात. लोकांना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. पण मला ते दिसले ना. दहा वर्षांचे, खिसे फुगलेले." त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "हेच कोणी मला लग्नाआधी सांगितलं असतं, तर बरं म्हटलं असतं अन् विसरले असते."

जिन्यापाशी त्या थांबल्या. "तुमच्या वडलांचं सातवं कोणाकडं आहे?"

"माहीत नाही," मी म्हणालो. हे दुसरं खोटं. चितेगावला माझी आत्या राहते. कंपनीच्या गेटपासून चालत जाता येईल असं तिचं घर आहे. वडील गेल्यापासून मी तिकडे फिरकलो नव्हतो.

गेल्या महिन्यात गेलो. चहा होईपर्यंत धीर गोळा केला आणि विचारलं, आप्पा लहानपणी कसे होते.

"दादा?" आत्या म्हणाली. "लई बडबड्या. तोंड बंद राहावं म्हणून आई त्याच्या हातावर गूळ ठेवायची. शाळेतून आला की गोठ्यात जाऊन बैलाला सगळी शाळा सांगायचा. झोपेतबी बोलायचा. मग कधी गप्प झाला, ते आम्हालाबी नाय कळलं बाबा."

मी आधी हसलो. मग जे झालं ते बराच वेळ थांबलं नाही. आत्याने चहा पुन्हा गरम करायला नेला आणि मुद्दाम आत रेंगाळली.

त्याच संध्याकाळी मी मावशींच्या खिडकीसमोर, ईश्वरीच्या मागे, रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला.

"काय पाहिजे?"

"काही नाही."

"मग रांग कशाला अडवली?" मावशी म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावरून मागे बघून पुढच्याला हाक मारली. मागे कोणी नव्हतं.

मी वर निघून आलो. मी रांग मोडली होती, हे मला मावशींना सांगायचं आहे. आणि ज्या चेहऱ्यासाठी त्या जिना चढून आल्या होत्या, तो चितेगावात आत्याच्या ओसरीवर उमटला, हेही. एवढं मी त्यांचं देणं लागतो.