साहेबाला उठवणाऱ्या आपा

रुखसानाआपा पुतळ्यांशी भांडतात. पिंपळे सौदागरला आमच्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहतात, लोखंडाची शिल्पं करतात, आणि इंग्रजांच्या काळातला एखादा मुकुट, सिंह नाहीतर साहेब दिसला की रिक्षा थांबवून उतरतातच. एकदा माझ्यादेखत एका दगडी साहेबाला म्हणाल्या, "पाय खाली घ्या. बायामाणसं जातायत इथनं."

गेल्या वर्षी त्यांच्या या भांडणाला थेट काम मिळालं. चिंचवडच्या एका जुन्या चौकात इंग्रजी अमदानीतली पाणपोई आहे. वर खुर्चीत ओतीव लोखंडाचा साहेब, पायाशी गुडघे टेकून पाणी ओतणारा पखालवाला. गावात दोन तट पडले. एक म्हणे मोडा, दुसरा म्हणे वारसा आहे, हात लावू नका.

बैठकीत आपा उभ्या राहिल्या. "मोडत नाही न् तसंच ठेवतही नाही. फक्त जागा बदलते."

"म्हंजी काय करनार?" किसनतात्यांनी विचारलं. तात्या जुन्या शेतकरी घरातले, मोडणाऱ्यांचे पुढारी.

"साहेबाला उठवते. इतकी वर्षं बसलाय, पाय आखडले असतील."

तात्या खो खो हसले आणि काम आपांना मिळालं.

चाकणच्या एका शेडमध्ये मी त्यांना डबा द्यायला गेले, तर साहेबाचे गुडघे कापून सरळ करणं चाललं होतं. "थोडं दुखेल हं," आपा त्याला सांगत होत्या. पखालवाल्यावर मात्र चादर. मुळात त्याला चेहराच नव्हता. घडवणाऱ्याने त्याची मान खाली घालून वेळ मारून नेली होती.

उद्घाटनाला पडदा निघाला. खुर्चीत पखालवाला, मान वर, पायावर पाय, हातात पेला. शेजारी साहेब, कमरेत वाकून पाण्याचा जग धरलेला. त्या जगातूनच नळाचं पाणी. तात्यांनी ओंजळ पुढे केली. "वाढ की रं सायबा!" सगळा चौक हसला.

मी मात्र खुर्चीतला चेहरा बघत राहिले. रुंद कपाळ, तुटकी भुवई. आपांचे यजमान, मुनीरभाई! चाकणला ट्रक दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. चहासुद्धा उभ्यानेच प्यायचे, कान इंजिनाकडे. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली.

गर्दी पांगल्यावर आपा खुर्चीजवळ गेल्या. ओढणीच्या टोकाने त्या लोखंडी गुडघ्यावरची धूळ पुसली.

"बसा निवांत," हळूच म्हणाल्या. "गाडीवाला आला तर मी सांगते त्याला, थांब म्हणून."