सरळ रेषेत पावणेतीन किलोमीटर

"तुझी काही हरकत?" मोजणीदारांनी फोनवर बोट अधांतरी धरून विचारलं. "असली तर आत्ताच सांग. नंतर कुरकुर नको."

घड्याळात पावणेबारा वाजले होते. शिवणबाई मशीनवर एका कोटाची बाही जोडत होत्या. त्यांनी मान वर केली आणि नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की दुसरा कोणी असता तर फोन तिथेच टाकून जिना उतरला असता. पण तोंडातून शब्द निघाला नाही. निघणारच नव्हता. सकाळी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत त्यांचं मौन असे, आणि हे मोजणीदारांइतकं कोणाला ठाऊक?

"नाही ना? मग केलं!" बोट टेकलं. फोन टिंग वाजला.

शिवणबाईंचं हे व्रत अकरा वर्षांचं होतं. त्याआधी एकदा रागाच्या भरात त्या जावेला असं काही बोलल्या होत्या, की जाऊ अजूनही घरात शिरण्यापूर्वी दारातून डोकावून अंदाज घेते. त्याच रात्री त्यांनी देवापुढे बसून जिभेला अर्ध्या दिवसाची रजा दिली. नियम कडक होते. बोलायचं नाही, लिहायचं नाही, मान हलवायची नाही, खुणा करायच्या नाहीत. सूट फक्त तीन गोष्टींना: आग, पाणी आणि डॉक्टर. गॅसवर काही उतू जात असेल, नळ उघडा राहिला असेल किंवा कोणी चक्कर येऊन पडलं असेल, तरच बोट दाखवायचं. नवऱ्यानं मौनाच्या वेळेत भलत्याच हॉटेलात खोली घेतली तर काय, याचा विचार तेव्हा सुचला नव्हता.

भांडण तीन दिवस चाललं होतं, अर्थात दुपारी. मोजणीदार जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते आणि त्यांनी मोठ्या मनानं विचारलं होतं, "सांग, कुठे जायचं?" शिवणबाईंनी भिंतीकडे बोट केलं होतं. मशीनसमोर एकोणीस वर्षांपूर्वीचं दोरेवाल्या कंपनीचं कॅलेंडर होतं. तारखा कधीच फाटून गेल्या होत्या, चित्र राहिलं होतं: दूरच्या एका कॅसिनोवाल्या शहराच्या मधोमध असलेलं कारंजं. सुईवरून नजर उचलली, की एकोणीस वर्षं त्यांना तेच दिसत होतं. ते पाणी एकदा खरोखर उसळताना बघायचं, एवढीच त्यांची मागणी. आणि कारंज्याच्या अगदी समोर एक हॉटेल होतं, त्याच्या वरच्या खोल्यांतून ते सगळं दिसे.

मोजणीदारांना मात्र शहराबाहेरचं हॉटेल हवं होतं. तिथे शांतता होती, पोहण्याचा तलाव होता, खोली मोठी होती. मोजणीदारांना पोहता येत नव्हतं.

घड्याळानं बाराचा शेवटचा ठोका दिला. शिवणबाईंनी मशीनवरून पाय काढला.

"हे काय केलंत?"

"विचारून केलं."

"पावणेबाराला?"

"वेळ मिळाला तेव्हा विचारलं. तू गप्प राहिलीस. आमच्या खात्यात नोटीस लावतात. मुदतीत कोणी हरकत घेतली नाही, की हद्द कायम."

"मी काय बांध आहे शेताचा? बदला ते."

"बदलत नाही. एकदा घेतलं की घेतलं. आणि एवढं काय त्यात? पावणेतीन किलोमीटर आहे फक्त. मी स्वतः मोजलंय. नकाशावर पट्टी ठेवून, सरळ रेषेत."

"पट्टी ठेवून!" शिवणबाईंनी गळ्यातली टेप हिसकून काढली. "अहो, तीस वर्षं माणसांची मापं घेतेय मी. कमरेचं माप कमरेभोवती घेतात. आरपार घेतलं ना, तर पँट गुडघ्याच्या वर चढत नाही!"

"जमिनीला कंबर नसते," मोजणीदार म्हणाले आणि आंघोळीला गेले. त्यांची आंघोळ सकाळीच झाली होती.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, तू आधी शांत हो बघू."

"मी शांतच होते!" शिवणबाई कडाडल्या. "शांत होते म्हणून तर हे झालं!"

*

शहराबाहेरच्या हॉटेलात ते पोचले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजत होते. खोली खरोखर मोठी होती. मोजणीदारांनी पडदा सारला आणि आनंदानं हाक मारली, "अगं, ये, ये. दिसतं की इथून!"

खिडकीबाहेर आठ पदरी रस्ता होता. त्याला दोन्ही बाजूंनी माणसाच्या दीडपट उंचीचं कुंपण. पलीकडे काँक्रीटचा कालवा, त्यापलीकडे मोटारींचा तळ, त्यामागे उंच इमारतींच्या पाठी. त्या पाठींच्या फटीतून काहीतरी पांढरं वीतभर वर आलं आणि खाली गेलं.

"ते बघ, कारंजं!"

"ते कारंज्याचं टोक आहे," शिवणबाई म्हणाल्या. "कोट शिवायला दिला आणि बटण हातात आलं, त्यातली गत."

खाली काउंटरवर एक हसतमुख पोरगी होती. तिनं तसंच हसत सांगितलं, की समोर चालत जाता येत नाही. हॉटेलची बस असते, सकाळी दहाला आणि दुपारी चारला. ती विमानतळाला वळसा घालून जाते, पन्नास मिनिटं लागतात. कारंजं दिवसातून दोनदाच उडतं, साडेअकराला आणि पाचला. त्यानंतर आलात तर नुसतं तळं दिसतं.

"पन्नास मिनिटं? पावणेतीन किलोमीटरला?" मोजणीदार तिच्यावरच उखडले. "तुमचा ड्रायव्हर बैलगाडी हाकतो काय?"

"टॅक्सी करा," शिवणबाई म्हणाल्या.

"पावणेतीन किलोमीटरला टॅक्सी करणारा मोजणीदार अजून जन्मायचाय!"

दुसऱ्या दिवशी असल्या बसनं जायचं नाही म्हणून मोजणीदारांनी सकाळची बस सोडली. दुपारी बारा वाजून एक मिनिटानं जे भांडण झालं, त्याचा शेवट म्हणून मोजणीदारांनी चालत जाऊन दाखवायचं ठरवलं. कुंपणाच्या कडेकडेनं ते तासभर चालले. पुढे एक भुयारी वाट सापडली, ती कालव्यापाशी संपली. कालव्याच्या काठानं गेले, तर काठ संपला. शेवटी मोटारींच्या तळावर एका पहारेकऱ्यानं दोघांना अडवलं. आत आलात कुठून, असं त्यानं विचारलं. मोजणीदारांनी त्याला दिशा, कोन आणि अंतर यांसकट समजावलं. पहारेकऱ्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि दोघांना आपल्या गाडीत घालून, लांबच्या लांब वळसा मारून, पुन्हा हॉटेलच्या दारात आणून सोडलं. तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. दुपारची बस कोपऱ्यावर वळताना दिसत होती.

शिवणबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला होता. ती चपल हातात घेऊन त्या हॉटेलच्या पायरीवर उभ्या होत्या, आणि मोजणीदार नकळत दोन पायऱ्या मागे सरकले.

"काय म्हणाला होतात? जमिनीला कंबर नसते?"

"ते... ढोबळमानानं म्हणालो होतो."

"चांगली सुटलेली कंबर आहे की हो तिची!"

*

तिसरा दिवस शेवटचा. तीनला विमान होतं. म्हणजे साडेअकराचं कारंजं दिसलं तर दिसलं, नाहीतर पुन्हा घरी जाऊन कॅलेंडर. दहाची बस त्यांनी पकडली. बसमध्ये मोजणीदार मनमोकळं बोलत होते, कारण उत्तर येणार नव्हतं. शिवणबाई खिडकीबाहेर पाहत दात आवळून बसल्या होत्या. मनातल्या मनात जप चालू होता, आणि मध्येच जपाचे शब्द बाजूला पडून भलतेच शब्द येत होते. मग पुन्हा पहिल्यापासून.

बसनं त्यांना दहा पन्नासला कारंज्यासमोरच्या हॉटेलच्या मागच्या दाराशी सोडलं. दारातून आत गेलं, की कॅसिनो. कारंजं पुढच्या दारी होतं.

"चाळीस मिनिटं आहेत. चल माझ्यामागून. आपण पूर्वेला तोंड करून उभे आहोत," मोजणीदार म्हणाले आणि ताडताड निघाले.

आत ना खिडकी, ना घड्याळ. वर गुळगुळीत छत, खाली गालिच्यावर डोळे फिरवणारी वेलबुट्टी, आणि जिकडे बघावं तिकडे लुकलुकणारी जुगाराची यंत्रं, त्यांच्यापुढे स्टुलांवर बसलेली माणसं. आत शिरल्या शिरल्या शिवणबाईंना एक पाटी दिसली. चारशे रंगांच्या दिव्यांत ती करड्या रंगाची, तळहाताएवढी होती. पण काळ्या कापडावर काळा दोरा शोधणाऱ्या डोळ्यांना ती दिसली. पाण्याचे तीन थेंब आणि डावीकडे बाण. मोजणीदार उजवीकडे वळले.

शिवणबाईंचा हात उचललाच होता. तो त्यांनी खाली घेतला. खुणा करायच्या नाहीत, नियम म्हणजे नियम. आणि पावणेबाराला विचारता ना? मग घ्या. चला सरळ रेषेत.

एका फिरत्या चौथऱ्यावर लाल मोटार ठेवली होती. वीस मिनिटांनी ती पुन्हा आली.

"अशा दोन मोटारी ठेवल्यात," मोजणीदार म्हणाले.

आणखी वीस मिनिटांनी तीच मोटार तिसऱ्यांदा आली. शेजारच्या यंत्रासमोर तीच हिरव्या टोपीतली म्हातारी. मोजणीदारांच्या कपाळावर घाम आला. चाळीस वर्षं ज्यांनी माळरानावर सूर्य बघून दिशा सांगितली, त्यांना एका खोलीतून बाहेर पडता येईना.

"आजी, कारंज्याकडे कसं जायचं हो?"

म्हातारीनं यंत्राचा दांडा ओढला. "मीही तेच विचारायला आत आले होते," ती म्हणाली. "सोमवारी."

इकडे शिवणबाईंच्या मनात वेगळीच जुंपली होती. करडी पाटी तिसऱ्यांदा समोरून गेली होती. हे मौन देवासाठी चाललंय की नवऱ्यासाठी? रागावर उतारा म्हणून घेतलेलं औषध आपण रागालाच खुराक म्हणून घालतोय की काय? या प्रश्नानं त्या जास्तच संतापल्या. आता नवऱ्यावर धड रागावताही येईना. आणि तेवढ्यात त्यांना आठवलं. आग, पाणी आणि डॉक्टर. कारंजं म्हणजे पाणीच की!

त्यांनी मोजणीदारांची बाही पकडली आणि पाटीकडे बोट केलं. मग त्या पळत सुटल्या. शिवलेली चपल पुन्हा तुटली, ती हातात घेऊन पळाल्या. काचेचं दार ढकलून त्या उन्हात आल्या, तेव्हा संगीत थांबलं होतं. तळ्यावर शेवटचे थेंब टपटपत होते. फरशी ओली होती. माणसं पांगत होती आणि एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणत होती, "काय सुंदर होतं, नाही?"

मोजणीदार धापा टाकत मागून आले. "जरासा उशीर झाला," ते म्हणाले.

शिवणबाई तळ्याच्या कठड्यावर बसल्या. समोरच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाकडे मोजणीदार चोरून बघत होते. अकरा पन्नास. अकरा अठ्ठावन्न. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि शिक्षा ऐकायला उभं राहावं तसे उभे राहिले.

बारा वाजले. शिवणबाई बोलल्या नाहीत.

बारा वाजून पाच झाले. "अगं, बारा वाजले." काही नाही. "हे घड्याळ बरोबर आहे हं." काही नाही. शिवणबाईंना बोलायचं होतं. इतकं बोलायचं होतं, की सगळे शब्द एकदम दाराशी आले आणि तिथेच अडकून बसले. आणि त्या गर्दीच्या तळाशी ती करडी पाटी होती, पहिल्याच फेरीत दिसलेली. ती मध्ये आली, की तोंड उघडेना.

अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. मोजणीदारांचा रंग उतरला.

"बोल गं. काहीही बोल. हवं तर जावेला बोलली होतीस तसं बोल." ते कठड्यावर टेकले. "चुकलं माझं. पट्टी ठेवायला नको होती." शिवणबाईंनी तुटलेली चपल कठड्यावर ठेवली. "पट्टीचं नाही ते. मला माहीत होतं रस्ता मध्ये आहे. नकाशा वाचता येतो मला." मोजणीदारांनी बुटांकडे पाहिलं. "कारंज्यासमोरच्या खोल्या सत्ताविसाव्या मजल्यावर होत्या. मला उंचीची भीती वाटते. पहिल्यापासून. खात्यात सपाट जमिनी मागून घ्यायचो मी. टेकडी आली, की आजारी पडायचो. तुला कुठल्या तोंडानं सांगणार?"

शिवणबाईंनी वळून पाहिलं. चौतीस वर्षांचा संसार! माळ्यावरचा डबा काढायला दरवेळी आपणच का चढत होतो, ते आज कळलं. राग गिळावा तर घशात अडकत होता आणि थुंकावा तर समोर हा माणूस, कोकरासारखा बसलेला.

मोजणीदारांनी खिशातून फोन काढला. "विमान उद्यावर ढकलतो. आज रात्री इथेच राहू. सत्ताविसावा मजला. तुझी काही हरकत?"

शिवणबाई गप्प राहिल्या.

"मग केलं," मोजणीदार म्हणाले आणि फोन टिंग वाजला.

*

पाच वाजता कारंजं उसळलं. शिवणबाई काचेला नाक लावून उभ्या होत्या. कॅलेंडरात ते एकाच जागी थिजलेलं होतं. इथे ते वाकत होतं, वळत होतं, गोल गिरकी घेत होतं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि कोणी विचारलं असतं, तर रागानं येतंय असंच त्यांनी सांगितलं असतं. करड्या पाटीबद्दल सांगावं का, असं एकदा मनात आलं. नको. काही मौनं बारानंतरही पाळायची असतात.

मोजणीदार खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीला पाठ लावून, पलंगाचा पाय घट्ट धरून जमिनीवर बसले होते. डोळे मिटलेले.

"छान आहे का गं?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "खाली... खाली बरंच लांब आहे का?"

शिवणबाईंनी पदरानं डोळे पुसले, आणि त्या दिवसाचा पहिला शब्द उच्चारला.

"छे हो. सरळ रेषेत अगदी जवळ आहे."