स्पीकरवर बोल, बिट्टे!

बिट्टीच्या उजव्या गालावर मुरुमं उठली, तेव्हा सगळ्यात जास्त अब्रू गेली ती तिच्या आत्याची. कारण आत्याचं ब्युटी पार्लर होतं, तेही घराच्याच पुढच्या खोलीत, आणि बिट्टी शाळेतून यायची ती त्याच खोलीतून. खुर्चीवर मान मागे टाकून बसलेलं गिऱ्हाईक एक डोळा उघडून पोरीकडे बघायचं, मग आरशातून आत्याकडे बघायचं आणि काही न बोलता डोळा मिटून घ्यायचं. ते न बोलणं आत्याला फार लागायचं.

एक दिवस बँकेतल्या बाई बोलल्याच. "घरचीच मुलगी अशी म्हटल्यावर आम्ही कुणाकडे बघून तुमच्याकडे यायचं हो?"

"वयच आहे तिचं," आत्या म्हणाली.

"वय काय एकाच गालाला असतं?"

बाईंचं म्हणणं खरं होतं. बिट्टीचा डावा गाल लोण्यासारखा आणि उजव्यावर लाल पुरळ. पंधरा वर्षांची पोर बिचारी उजवीकडे केस ओढून फिरायची, वर्गात भिंतीकडची जागा धरायची आणि फोटो म्हटलं की पळायची. आत्याने कंबर कसली. उशीचे अभ्रे रोज उकळत्या पाण्यात गेले, केसांचं तेल बंद झालं, तळलेलं बंद झालं, साबण बदलला, मग बदललेला साबणही बदलला. दादाने, म्हणजे बिट्टीच्या बाबांनी, एवढंच विचारलं, की तळलेलं बंद करायची शिक्षा आपल्याला कोणत्या गालाबद्दल झाली आहे. दादा फ्रिज दुरुस्तीची कामं करायचा आणि अलीकडे एवढं एखादंच वाक्य दिवसाकाठी बोलायचा.

शेवटी आत्या बिट्टीला त्वचेच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेली. स्वतःचं पार्लर असताना दुसरीच्या दारात जायचं म्हणून तोंडाला ओढणी गुंडाळून गेली. डॉक्टरणीने गाल उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, "फोन कुठल्या कानाला लावतेस?"

बिट्टी जमिनीकडे बघत राहिली.

"उजव्याच," आत्या म्हणाली. "आईशी बोलते. रोज. तास-तासभर."

"मग काय! फोनच्या काचेवर हाताचा मळ असतो, घाम, तेल. त्यात तो तापतो. तो तासभर गालावर दाबून घासला, तर त्वचा कुरकुर करणारच. आधीच तेलकट वय आहे. काच रोज पुसायची आणि बोलायचं स्पीकरवर. मलम देते, पण आधी फोन गालावरून उतरवा."

हे आपल्याला सुचू नये, याचं आत्याला वैषम्य वाटलं. पण त्याहून एक वेगळीच गोष्ट तिला रस्ताभर टोचत राहिली. वहिनी लेकीशी रोज तासभर काय बोलते? आपल्याशी तर बोलते न बोलते तोच म्हणते, "ठेवते गं, कामावर जायचंय."

वहिनी म्हणजे आत्याची जिवाभावाची मैत्रीण. हे पार्लर दोघींनी मिळून काढलं होतं. केस वहिनीकडे आणि चेहरे आत्याकडे. दोन आरसे, दोन खुर्च्या, आणि दिवसभर नणंद-भावजयीच्या अशा गप्पा की गिऱ्हाइकं काम झालं तरी उठायची नाहीत. मग वहिनीने दुसऱ्या शहरात म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषेची नोकरी धरली. वर्षभराचं काम आहे, म्हणाली. वर्ष उलटलं, आणखी एक उलटत आलं. तिची खुर्ची आत्या रोज सकाळी पुसायची आणि तिच्यावर कुणाला बसू द्यायची नाही. गर्दीच्या दिवशी गिऱ्हाइकं भिंतीला टेकून ताटकळायची, पण ती खुर्ची रिकामीच.

"वहिनीची आहे ती. येणारच आहे ती आता," आत्या सांगायची. हे ऐकलं की बिट्टी खोलीतून निघून जायची. अभ्यासाची पोर आहे, असं आत्याला वाटायचं.

स्पीकरचं फर्मान निघालं, तेव्हा बिट्टीचा चेहरा मुरुमांसकट पांढरा पडला. "आत्या, नको ना! मी फोन पुसून घेईन. दहा वेळा पुसेन."

"पूस, आणि वर स्पीकरवरही बोल."

"मग इअरफोन तरी दे."

"तू हरवलेले इअरफोन गोळा केले असते, तर मी पार्लर बंद करून त्यांचं दुकान टाकलं असतं. काय लपवायचंय एवढं?"

"काही नाही," बिट्टी म्हणाली.

आठवडाभर मायलेकी स्पीकरवर बोलल्या. जेवलीस का? हो. अभ्यास झाला? झाला. बरं, ठेवते. आत्याला वाटलं, एवढ्याशा बोलण्यासाठी पोरीने गाल जाळून घेतला! पण मुरुमं काही हटेनात. आणि एके दिवशी टॉवेल द्यायला म्हणून आत्याने न्हाणीघराचं दार ढकललं, तर बिट्टी उलट्या बादलीवर बसलेली, फोन उजव्या गालाला घट्ट, आणि मलमाचा पांढरा थर काचेवर. आत्याने फोन जप्त केला. आता तो पार्लरच्या फळीवर राहणार, आईचा फोन आला की तिथेच, सगळ्यांसमोर.

शनिवारी पार्लर भरलं होतं. भिंतीशी बाकावर बँकेतल्या बाई आणि शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई, दोघींच्या चेहऱ्यावर मातीचा लेप. पॅक ठेवायचा छोटा फ्रिज बिघडला म्हणून दादा त्याच्या मागे डोकं घालून बसला होता. आत्याच्या खुर्चीत बिट्टी होती. तिच्याही तोंडावर लेप फासून झाला होता आणि आत्या डाव्या कानाजवळची उरलेली जागा भरत होती. हा लेप वाळेपर्यंत ओठसुद्धा हलवायचे नसतात, नाहीतर तो तडकतो आणि सगळं काम फुकट जातं. पार्लरमध्ये त्या दहा मिनिटांत जी शांतता असते, ती देवळातही मिळत नाही.

अशा शांततेत फळीवरचा फोन वाजला. वहिनीचा.

बिट्टी ताडकन उठायला गेली. आत्याने तिला खांदा दाबून बसवलं. "हलू नकोस! तडकेल! मी लावते." हात लेपाने बरबटलेले, म्हणून आत्याने कोपराने फोन घेतला आणि कोपरानेच स्पीकर लावला. बिट्टी दोन्ही हातांनी नाही-नाही करत होती. आत्याला वाटलं, आत्ता बोलता येणार नाही असं म्हणतेय.

"मीच बोलते, तू ऐक," वहिनीचा आवाज खोलीभर पसरला. "जास्त वेळ नाही. आत्याला अजून काही कळू दिलं नाहीस ना?"

"म्म्म!" बिट्टी ओठ मिटून ओरडली.

"शहाणी गं माझी बाय. तुझ्या बाबांना सांगताना मला एवढं जड गेलं नव्हतं. आमचं दोघांचं कधीच संपलं होतं, ते त्यांनाही माहीत होतं. तुलाही सांगितलं, तू रडलीस, पण समजून घेतलंस. पण मी आता परत येणार नाही, हे त्या बाईला कसं सांगू? ती अजून माझी खुर्ची पुसते का गं?"

फ्रिजच्या मागे पाना खाली पडला.

आत्याच्या हातातला ब्रश बिट्टीच्या कानाशी तसाच थांबला होता. बँकेतल्या बाईंनी दोन्ही डोळे उघडले होते. मुख्याध्यापिकाबाईंच्या लेपावरून एक ओली रेघ हनुवटीपर्यंत उतरली होती. लेपामुळे बोलायची सोय तिघींनाही नव्हती. बोलता येण्यासारखी तोंडं खोलीत दोनच होती आणि त्यातलं दादाचं फ्रिजच्या मागे होतं.

"पुसते," आत्या म्हणाली. "आज सकाळीच पुसली."

मग वहिनी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "तू आहेस?"

"स्पीकरवर आहेस, वहिनी. पोरीच्या गालासाठी." आत्याने ब्रश वाटीत ठेवला. "गिऱ्हाइकं बसलीत. नंतर बोलू." आणि कोपराने फोन बंद केला.

मग तिने क्रमाने तिघींचे लेप धुतले. बिट्टीचा पार तडकला होता. दादा फ्रिजच्या मागून बाहेर आला आणि पाना हातात फिरवत उभा राहिला.

"तुला कधीपासून माहीत?" आत्याने विचारलं.

"उन्हाळ्यापासून."

"आणि मला कुणी सांगावंसं वाटलं नाही?"

"रोज ठरवायचो गं," दादा म्हणाला. "सांगायला यायचो, तर तू ती खुर्ची पुसत असायचीस."

त्यावर आत्या रडली. गिऱ्हाइकांसमोर रडली, आरशासमोर रडली, दोन्ही हातांना धुतलेल्या लेपांची माती लागलेली म्हणून डोळे पुसताही येईनात. नवऱ्याने सोडलं तेव्हाही ती अशी रडली नव्हती. बँकेतल्या बाईंनी टॉवेलने तिचे डोळे पुसले आणि त्या दिवसापासून बिट्टीच्या गालाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

पुढे बरेच दिवस आत्याने वहिनीचा फोन घेतला नाही. खुर्ची पुसणंही सोडलं. तिच्यावर धूळ बसली, मग टॉवेलांचा ढीग बसला. बिट्टी मात्र आता आईशी उघड स्पीकरवर बोलायची, लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिचा गाल हळूहळू निवळला, आणि शाळेच्या फोटोत ती पहिल्या रांगेत, केस मागे बांधून उभी राहिली.

एका दुपारी बँकेतल्या बाई भुवया करायला आल्या. आरशात बघता बघता म्हणाल्या, "अगंबाई, हे काय? तुमच्या गालावर?"

आत्याच्या उजव्या गालावर लालभडक मुरुमं उठली होती.

"ह्या वयात?" बाई म्हणाल्या. "आणि तीही एकाच गालावर?"

आत्या काही बोलणार, तोच तिचा फोन वाजला. तिने घाईघाईने हात पुसले, "आलेच हं" म्हणाली, दुसऱ्या खुर्चीवरचा टॉवेलांचा ढीग उचलून खाली ठेवला आणि त्या खुर्चीत बसून भिंतीकडे तोंड फिरवलं.

आतून बिट्टी ओरडली, "आत्या! स्पीकरवर बोल! मलम कोण लावणारे मग?"

"गप गं," आत्या म्हणाली आणि फोन गालाशी आणखी दाबून धरला. "हं, बोल वहिनी. नाही, कुणी ऐकत नाहीये."